कोल्हापुरात जनावरांचा दवाखाना बांधतोय : नकाशा पक्का व्हायच्या आधी मतं हवीत

रेडकू
नमस्कार मंडळी. आम्ही नवराबायको दोघंही व्हेट. तो कुत्री-मांजरं बघतो, मी गाई-म्हशी. (होय, बरोबर वाचलंत. गोठ्यावर पोचले की अजूनही "डॉक्टर मागनं येतायत काय?" असं मलाच विचारतात.) त्याचा दवाखाना राजारामपुरीत भाड्याच्या गाळ्यात आहे, माझा गाडीच्या डिकीत. आता उचगाव ते गोकुळ शिरगाव या पट्ट्यात, हायवेपासून थोडं आत, १८ गुंठे एन.ए. (बिगरशेती) जागा घेतली आहे. दोन्ही कामं एका आवारात आणायची आहेत.

आर्किटेक्टनं पहिला नकाशा दिलाय. दिसायला देखणा आहे. मध्ये मोठं रिसेप्शन, डावीकडं लहान प्राणी, उजवीकडं मोठी जनावरं, मागं वॉर्ड. पण त्यांचा अनुभव सगळा माणसांच्या हॉस्पिटलांचा. पेशंट स्वतःच्या पायानं, रांगेत, वाटेत न मुतता येतो असं त्या नकाशात धरलेलं आहे.

जागा अशी : रस्ता पश्चिमेला. जमीन मागं पूर्वेकडं उतरती, एकूण तीनेक फुटांचा उतार. मागच्या बांधाला लागून शेजाऱ्यांची चालू विहीर, त्यांचा ऊस त्याच पाण्यावर.

अडलेलं हे : गेट एक की दोन? आयसोलेशन कुठं? फरशी कसली? आणि पहिल्या टप्प्यात काय बांधायचं, कशाला नुसती जागा सोडायची? सगळं एकदम बांधण्याइतका पैसा नाही.

पाटलाचा_मळा
ताई, गेट दोनच. ह्यात विचारण्यासारखं काय न्हाई. म्हशीला कुत्र्याचं भ्या नसतं, आमच्या गोठ्यात दोन कुत्री पडलेली असत्यात. पण गाडीतनं उतरताना ती आधीच बिथरलेली असती. त्यात कुणाचं तरी जर्मन शेफर्ड अंगावर भुंकलं की दावं तोडून थेट हायवेला.

दुसरं, नकाशात गाडी कुठं वळणार ते दाखवलंय काय? आमच्याकडनं जनावर छोटा हत्तीतनं येतं, पिकअपमधनं येतं, आणि घरची गाडी नसली तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं येतं. ट्रॉली रिव्हर्स घ्यायला भल्याभल्यांना जमत न्हाई. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, असा रस्ता ठेवा.

आणि उतरायचा कट्टा. तिन्ही गाड्यांचे हौदे एका उंचीला येत न्हाईत. कट्टा एका गाडीच्या मापानं बांधला की दुसरीला पायरी पडती. गाभण म्हैस पायरी उतरत न्हाई, उडी मारती. पुढचं तुम्हीच जाणता.

उद्यमनगरवाला
पाटील म्हणतात ते खरं आहे. कट्टा सगळ्यात बुटक्या गाडीच्या मापानं बांधा आणि तोंडाला बिजागरीवर चेकर प्लेट बसवा. उंच गाडी आली की प्लेट उचलून हौद्यावर टेकवायची. फक्त प्लेटीवर आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या, चेकर प्लेट ओली झाली की खुराला धरत नाही. दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा पाहिजे, आणि तो पत्र्यानं झाका. बाजूचं दिसत नसलं की जनावर सरळ चालतं.

निवृत्त_एलडीओ
डॉक्टर, अभिनंदन. सरकारी दवाखान्यांत हयात गेली, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

खोल्या मांडायच्या आधी वाटा मांडा. निरोगी जनावर लसीकरणाला, रेतनाला येतं, त्याची एक वाट. आजारी जनावराची दुसरी. संसर्गजन्य संशयिताची तिसरी. मेलेल्याची चौथी. शेण-मूत आणि कचऱ्याची पाचवी. या वाटा एकमेकींना जितक्या कमी ठिकाणी कापतील तितका नकाशा चांगला. तुमच्या आर्किटेक्टच्या मधल्या रिसेप्शनमध्ये पाचही वाटा एकत्र येत असणार, नकाशा न बघताच सांगतो.

आयसोलेशन मागं पूर्वेला घ्या. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा, आणि रोगराईचा जोरही त्याच दिवसांत. पण नुसत्या अंतरावर भागत नाही. २०२२ साली लम्पी आला तेव्हा तो माश्या, डास, गोचिडांच्या अंगावरनं पसरला. त्यांना भिंत काय करणार? आयसोलेशनच्या गोठ्याला चारही बाजूंनी बारीक जाळी आणि दाराला दुहेरी पडदा लागेल. तिथली बादली, खराटा, गमबूट तिथंच राहिले पाहिजेत. माणूसही शक्यतो वेगळा. नसेल तर त्यानं तिथलं काम दिवसाच्या शेवटी करावं.

त्यातच एक खण भक्कम, गजाचा ठेवा, बाहेरून पूर्ण दिसेल असा. रेबीजसाठी. कुत्र्याचा रेबीज लोकांना कळतो, म्हशीचा कळत नाही. लाळ गळते, घोगरं हंबरते, गिळता येत नाही. मालक म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय, आणि कोपरापर्यंत हात घालून बघतो. डॉक्टरही घालतात. अशा जनावराला हात न लावता लांबून बघता आलं पाहिजे. हा खण चैन नाही, पहिल्या टप्प्यात घ्या.

शवविच्छेदनाचा कट्टा आयसोलेशनच्या पलीकडं, बाहेर पडायला स्वतःचं दार असलेला. पण फाशीचा, म्हणजे काळपुळीचा संशय असेल, अचानक मेलंय आणि नाकातोंडातनं न गोठणारं काळं रक्त येतंय, तर ते जनावर कट्ट्यावर घेऊच नका. फाडलं की जंतूला हवा मिळते, त्याचे बीजाणू होतात आणि ती जागा वर्षानुवर्षं धोक्याची होऊन बसते. कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घ्यायचं, अधिकाऱ्यांना कळवायचं आणि न फाडता चुन्यात खोल पुरायचं.

मोठ्या जनावरांच्या ऑपरेशन थिएटरबद्दल माझं मत तुम्हाला रुचणार नाही. पहिल्या टप्प्यात बांधू नका.

रेडकू
@निवृत्त_एलडीओ सर, पाच वाटांचं पटलं. आज नकाशावर पाच रंगांनी रेघा मारून बघितल्या. रिसेप्शनच्या दारात पाचापैकी चार एकमेकींवर आल्या.

पण थिएटरचं नाही पटलं. पोट फाडायचं काम मी अजून किती वर्षं गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात करायचं? तार-खिळा गिळलेल्या म्हशी दर महिन्याला येतात.

निवृत्त_एलडीओ
उजेड पाहिजे, छप्पर पाहिजे, पाणी पाहिजे. थिएटर कशाला? गाय-म्हैस तुम्ही उभ्यानंच फाडता ना? कुशीत भूल दिली की रुमेन (पहिलं मोठं पोट) उभ्यानं उघडता येतं, बरीच सिझेरियनंही उभ्यानं होतात. रवंथ करणारं जनावर आडवं पाडून पूर्ण भूल दिली की पोट फुगतं, पोटातलं उलटून फुफ्फुसात जातं, आणि अर्ध्या टनाचा भार एका अंगावर पडून स्नायू मरतात. टेबल, गादी, गॅस मशीन यावर जो पैसा घालाल तो वर्षातनं मोजक्या केसेसना उपयोगी पडेल. त्याऐवजी खोडा (जनावर उभं जखडायचा पाइपांचा सांगाडा) उत्तम करा आणि शेजारी वाळूचा एक चौक ठेवा. पाय बांधून पाडायचं झालं तर तिथं पाडा. थिएटरची जागा मोकळी सोडा, खालनं पाण्याची आणि विजेची पाइप आत्ताच टाकून घ्या.

उद्यमनगरवाला
खोड्याचं माप मिळेल काय? आमच्याकडं लोक "सरकारी दवाखान्यात आहे तसला" म्हणून सांगतात आणि मग नेल्यावर बदलून मागतात.

रेडकू
@उद्यमनगरवाला दादा, सरकारी नमुना नकोच. लिहिते.

आतली लांबी ७ फूट, रुंदी पावणेतीन फूट. मोठी मुऱ्हा त्यात बसते. गाई किंवा पंढरपुरी म्हशीसाठी एका बाजूचा पाइप आत सरकवता यावा, नाहीतर बारीक जनावर आत वळतं.

डावी बाजू पूर्ण उघडली पाहिजे. रुमेन डावीकडं असतं, त्यामुळं मी डाव्या कुशीतच उभी असते. तिथं आडवा पाइप कायमचा नको. तीन पाइप, तिन्ही खिट्टी काढून सुटणारे, आणि मी काम करत असताना त्या उंचीचा एकही नाही. त्या बाजूला ८ फूट मोकळी जागा, वर दिवा, हाताशी पाण्याचा नळ. नेहमीच्या खोड्यात डावी बाजू भिंतीला लावलेली असते. का, ते आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

मागचा अडसर आडवा दांडा नको, बाजूला उघडणारं फाटक हवं. गाभण तपासताना हात खांद्यापर्यंत आत असतो. तेवढ्यात म्हैस बसली आणि मागं घट्ट दांडा असला तर हाताचं हाड जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : जनावर आत कोसळलं तर एक अख्खी बाजू एका झटक्यात मोकळी झाली पाहिजे. जनावराचा भार पाइपवर असताना नटबोल्ट सुटत नाहीत. खिट्टी अशी, की हातोड्याच्या एका घावात निघेल.

उद्यमनगरवाला
आता समजलं. भार असताना सुटायला खिट्टी निमुळती पाहिजे, सरळ नाही. पाइप ३ इंची जाड गेजचा घेऊ, कोपरे गोल. तळाला रबर मॅट टाका, पण चिकटवू नका, धुवायला उचलता आली पाहिजे.

मनीची_आई
मोठ्या जनावरांचं ऐकून माझं बारकं वाटेल, तरी लिहिते. माझ्याकडं तीन मांजरं आहेत. दवाखान्यात त्यांना सगळ्यात जास्त त्रास डॉक्टरांचा होत नाही, वेटिंगमधल्या कुत्र्यांचा होतो. बास्केट जमिनीवर ठेवायला लागते आणि प्रत्येक कुत्रं येऊन नाक लावून जातं. आत जाईपर्यंत मांजराचे ठोके एवढे वाढलेले असतात की डॉक्टर म्हणतात, "आज तपासून काही कळणार नाही."

वेगळी खोली नाही जमली तरी चालेल. भिंतीला कमरेच्या उंचीवर फळ्या ठोका बास्केट ठेवायला, आणि मध्ये एक आडोसा. ॲडमिट ठेवायचे पिंजरे समोरासमोर नकोत. मांजराला समोर दुसरं मांजर दिसलं की ते खातच नाही.

रेडकू
@मनीची_आई ताई, बारकं अजिबात नाही. नवऱ्यानं वाचलं आणि आडोशाऐवजी मांजरांची खोलीच करू म्हणाला. तपासणीच्या खोल्यांना दोन दारं ठेवतोय, एकातनं आत, दुसऱ्यातनं औषधं घेऊन थेट बाहेर. म्हणजे इंजेक्शन घेऊन चिडलेलं कुत्रं पुन्हा वेटिंगमध्ये येणार नाही.

पार्वोचं (कुत्र्याच्या पिल्लांच्या उलटी-जुलाबाच्या साथीचं) मात्र ठरत नाहीये. उलटी-जुलाब होणारं पिल्लू घेऊन लोक थेट रिसेप्शनला येतात, काउंटरवर ठेवतात. हा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाईलनं मरत नाही.

निवृत्त_एलडीओ
पाटी लावा आणि बेल बसवा. "पिल्लाला उलटी-जुलाब असतील तर आत आणू नका, बेल वाजवा." तपासणी गाडीतच करायची आणि बाजूच्या दारानं थेट पार्वो वॉर्डात न्यायचं. फरशी आधी साबणानं धुवायची, मग ब्लीच, १ भागाला ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. आणि हेच ब्लीच मुतानं भरलेल्या गोठ्यात ओतू नका. मुतातल्या अमोनियाशी मिसळून जो वायू होतो त्यानं कामगाराचे डोळे आणि छाती धरते. गोठ्याला आधी भरपूर पाणी, आणि तिथं धुण्याच्या सोड्याचं द्रावण बरं.

वीटकाम
मी आर्किटेक्ट आहे (तुमचा नव्हे!). फरशीबद्दल.

मोठ्या जनावरांकडं कोटा, टाइल, पॉलिश केलेलं काहीही नको. शेणमूत पडलं की त्याची घसरगुंडी होते, आणि म्हशीचे मागचे पाय फाकले की ती उठत नाही. काँक्रीटच करा, ओलं असतानाच त्यात खाचा पाडून घ्या. खाचांच्या कडा खुरं कापतील इतक्या धारदार राहू देऊ नका. उतार ५० ला १. कमी ठेवला तर पाणी साचतं, फार ठेवला तर बांधलेलं जनावर कायम एका पायावर जोर देऊन उभं राहतं.

लहान प्राण्यांकडं मोठ्या आकाराची, कमी सांध्यांची टाइल, सांध्यांत इपॉक्सी, आणि फरशी-भिंतीचा कोपरा गोलाई देऊन घ्या. काटकोनात घाण राहतेच. कुत्र्यांच्या खणांतलं पाणी एका लांब उघड्या गटारीतनं वाहवू नका, पहिल्या कुत्र्याचं मूत शेवटच्या कुत्र्याच्या दारावरनं जातं. प्रत्येक खणाला स्वतंत्र जाळी आणि ट्रॅप. ट्रॅपमध्ये केसांची जाळी निघण्यासारखी ठेवा, नाहीतर दर आठवड्याला प्लंबर.

कुत्र्यांचा वॉर्ड आवाजाचं घर असतो. दोन वीटभिंती, मध्ये औषधांचं किंवा कपड्यांचं स्टोअर, आणि मग मांजरं-तपासणी, असं ठेवा. मोठ्या जनावरांच्या शेडवर नुसता पत्रा घालू नका. गगनबावड्याइतका नसला तरी आपला पाऊस पत्र्यावर असा वाजतो की स्टेथोस्कोपनं काही ऐकू येणार नाही. खाली इन्सुलेशन शीट लागेल.

कुत्र्यांच्या थिएटरला केस कापायची जागा बाहेर वेगळी ठेवा. त्याच खोलीत मशीन चालवलं की केस टाक्यांपर्यंत पोचतात. एक्स-रेच्या खोलीला ९ इंची वीटभिंत पूर्ण भरीव, खिडकी जमिनीपासून उंच, दाराला शिसं, आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी मशीन विकत घ्यायच्या आधी बघा.

आता विहीर. तुमचा उतार, तुमचं आयसोलेशन आणि शेजाऱ्यांची विहीर, तिन्ही एकाच बाजूला आलंय. हे जुळत नाही.

रेडकू
तेच झोप उडवणारं आहे. वारा म्हणतो पूर्वेला घ्या, विहीर म्हणते नको.

वीटकाम
आयसोलेशन पूर्वेलाच राहू दे, पण ईशान्य कोपऱ्यात सरकवा (विहीर आग्नेयेला आहे असं धरतोय), आणि तिथला मजला भरावावर दोन फूट उचला. सांडपाणी उताराबरोबर मागं सोडू नका, पुढं पश्चिमेला आणा. पंप लागेल, लागू दे. दोन वेगळ्या लाइनी : शेण-मूत धुतलेलं पाणी जाळीतनं गोबरगॅस किंवा खड्ड्याकडं, आणि औषधं-जंतुनाशकांचं पाणी वेगळ्या बंद टाकीत प्रक्रियेसाठी. ब्लीच सेप्टिक टँकात गेलं की तिथले कामाचे जंतू मरतात आणि टँक नुसती टाकी उरते. मागच्या बांधाला शोषखड्डा अजिबात नाही.

रेडकू
विहीर आग्नेयेलाच आहे, बरोबर धरलंत.

पंचगंगा_पल्याड
मी शिरोळ तालुक्यातला. जागा पंचगंगेच्या दक्षिणेला आहे म्हणून सांगतो. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. आमची बाजू तेव्हा तुमच्या दवाखान्याला मुकणार, त्याला तुम्ही काय करणार? पण करवीर-कागलकडची पूरग्रस्त जनावरं तुमच्याकडं येतील, आणि ती चारपाच येत नाहीत. चिखली-आंबेवाडीची माणसं दावणीसकट बाहेर पडतात.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडं पोरांनाही पाठ. ३९ ला तुमची तयारी सुरू पाहिजे. पुढच्या मोकळ्या अंगणात जमिनीत कड्या गाडून ठेवा, दहा-दहा फुटांवर. एरवी त्यावर गाड्या लागतील. पाण्याची टाकी रोजच्या गरजेपेक्षा मोठी घ्या. तुमची जागा उंच असेल, तरी जनरेटर आणि मीटर कट्ट्यावर चढवा. लसींचा फ्रिज २ ते ८ अंशांत राहायला पाहिजे, आणि पुरात लाइट पहिल्यांदा जाते. घटसर्पाची लस नेमकी तेव्हाच लागते.

पाटलाचा_मळा
कड्यांचं बेस्ट आहे. शर्यतीचे बैल येणार असले तर त्याच अंगणात एक सपाट, कडक पट्टी ठेवा चालवून बघायला. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीचा कायदा कायम ठेवल्यापासनं खिलारं लई वाढल्यात. लंगडणं मातीत दिसत न्हाई.

रेडकू
@पाटलाचा_मळा पट्टी घेतली, पश्चिमेच्या कंपाउंडला समांतर. इन-आउट रस्त्याचाच भाग होईल.

@पंचगंगा_पल्याड पुराचं डोक्यातच नव्हतं असं नाही, पण "अंगण" म्हणून नकाशात काहीच नव्हतं. सगळी लॉन होती. लॉन गेली.

परवानग्यांबद्दल मेसेजमध्ये विचारणाऱ्यांसाठी एकदाच : बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, कचरा ४८ तासांच्या वर ठेवता येत नाही. म्हणजे या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांची खोली गेटजवळ, तो नेणाऱ्यांची गाडी आत न येता उचलेल अशी. केटामाइन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) आहे, त्याला कुलूपबंद कपाट आणि वेगळं रजिस्टर. रेतनाच्या नळकांड्या ज्यात ठेवतात तो द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा, तो बंद खोलीत ठेवायचा नाही. उडून गेलेला वायू ऑक्सिजनला बाजूला सारतो आणि वास काहीच येत नाही. ते कंटेनर व्हरांड्यात, जाळीच्या आत.

पहिला टप्पा आता असा ठरतोय : दोन गेट, खोड्याची शेड, वाळूचा चौक, कड्यांचं अंगण, आयसोलेशन रेबीजच्या खणासकट, कुत्र्यांचं एक थिएटर, पार्वोचं बाजूचं दार, मांजरांची खोली. एक्स-रेची खोली बांधायची, मशीन नंतर. मोठं थिएटर नाही. सर जिंकले, पण जागा मी सोडली आहे बरं का.

निवृत्त_एलडीओ
एक राहिलं. न उठणारं जनावर. व्याल्यावर दुग्धज्वरानं बसलेली म्हैस कॅल्शियमवर उठते. पण बाकीची येतात ती गाडीत आडवी पडूनच. ती कट्ट्यावरनं कशी उतरवणार? माणसं पाय धरून ओढतात आणि उरलीसुरली कंबर मोडतात.

पाटलाचा_मळा
गाडीच शेडच्या आत घ्यायची. वर बीम, बीमला चेन पुली, पोटाखालनं रुंद पट्टे. उचललं की गाडी पुढं काढायची आणि जनावर वाळूत टेकवायचं. खोड्याची शेड आणि वाळूचा चौक एका रेषेत घ्या, बीम दोन्हीवरनं जाऊ दे.

रेडकू
हे आजच नकाशात घालते. रविवारी प्लॉटवर फक्कीनं सगळ्या रेघा मारतोय. आर्किटेक्टही येणार आहेत. कुणाला यायचं असेल तर या, आणि शक्य असेल तर गाडी घेऊन या. फक्कीच्या रेघांवरनं वळते का ते बघू.

पाटलाचा_मळा
पिकअप घेऊन येतो. ट्रॉली पण जोडून आणतो, शेजारच्याची हाय.

उद्यमनगरवाला
मीपण येतो टेप घेऊन. त्याआधी बीमचं सांगा. नुसती पिकअप आत घ्यायची तर १३ फुटात भागेल. ट्रॉली पण घ्यायची काय? हौदा चार फूट, त्यावर म्हैस, वर पट्टे, हूक, पुली, सगळं धरून १४ च्या खाली जमणार नाही. पुली दोन टनाची धरतो, म्हैस धडपडली की वजनाच्या दुप्पट झटका बसतो.

रेडकू
ट्रॉलीपण.

उद्यमनगरवाला
मग १४ धरा, आणि शेडचा पत्रा १६ ला. आर्किटेक्टना आजच कळवा, कॉलमचं स्टील बदलेल.